एकतीस नंबरची कवळी

मित्रांनो, मी एक जुने, सहा माणसांचे जेवणाचे टेबल आहे, आणि माझ्यामुळे एका माणसाचा रोजचा दीड तास वाचणार होता. हिशेब अगदी चोख होता. माझे मालक कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे माप घेऊन पाठवतात, त्यावरून मालक प्लास्टरचा साचा काढतात आणि मेणात एकेक दात बसवत माणसाचे गेलेले हसू परत आणतात. त्यांची कामाची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. एके दिवशी ते म्हणाले, "खोली सोडतो. टेबलाचा एक कोपरा मला पुरे. वाचलेला दीड तास तुमचा." त्याची वाटणीही तिथल्या तिथे झाली. अर्धा तास लेकीच्या सायकलमागे धावायला, अर्धा तास बायकोशी निवांत बोलायला, अर्धा तास वडिलांबरोबर पत्ते खेळायला. इतका फायद्याचा सौदा मी तरी कधी ऐकला नव्हता.

मला करवून घेतले ते मालकांच्या वडिलांनी. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. त्यांची बेकरी होती. सुतार म्हणाला होता, "चौघांचं घर तुमचं, चारजणांचं टेबल पुरे." त्यावर आजोबा म्हणाले, "आणि भांडून उठलेला माणूस परत आला तर त्याला काय उभं ठेवू?" म्हणून मी सहा माणसांचे झाले. माझ्यावर दूध सांडले, शाई सांडली, अबोलेही सांडले; सगळे पुसले गेले. पाहुणे पाठीवर थाप मारून म्हणायचे, "असं टेबल आता होत नाही हो!" आजोबा सकाळच्या भट्टीतला पाव घेऊन येत आणि त्याची कडक कड सुरीने कापून स्वतःच्या ताटलीत ठेवत. त्या कडेवर हक्क त्यांचा. कुणी हात लावला तर चौकशी होत असे.

तर, कोपरा. मित्रांनो, बोट दिले की हात धरतात, हे मला माहीत होते. पण माझे चारही पाय धरले जातील असे वाटले नव्हते. मालक आता घरी असतात हे डॉक्टरांना कळले मात्र, फोन सुरू झाले. "घरीच असता ना? मग संध्याकाळपर्यंत द्या की!" दोन डॉक्टरांचे पाच झाले. एका कोपऱ्याची एक बाजू झाली, एका बाजूच्या दोन. प्लास्टरची भुकटी, मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा, कानशी आणि पाच डॉक्टरांचे ट्रे. वाचलेल्या दीड तासाला पहिल्याच महिन्यात दात फुटले आणि त्याने संध्याकाळही खाल्ली. मालकीणबाई ओट्याशी उभ्याने जेवू लागल्या. लेक ताटली मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसू लागली. आणि मी जेवणाचे टेबल, पण जेवणाची वेळ झाली की माझ्यावर परक्यांचेच दात बसलेले असत, हारीने, हसत.

मालक मात्र शिस्तीचे. प्रत्येक कामाचा ट्रे वेगळा आणि प्रत्येक ट्रेला चिठ्ठी: डॉक्टरचे नाव, पेशंटचा नंबर, वय, द्यायची तारीख. ज्याची तारीख आधी, तो ट्रे आधी. या नियमाला त्यांनी कधी बट्टा लागू दिला नाही.

त्याच नियमात आजोबा सापडले. एका सकाळी तोंड धुताना त्यांची खालची कवळी हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. ती मालकांनीच केलेली होती. "ठेवा इथं, बाबा. अर्ध्या तासाचं काम आहे. आज करतो," मालक म्हणाले. तुकडे एका बिस्किटांच्या डब्यात गेले. डब्यावर चिठ्ठी नव्हती, कारण कुठल्याच डॉक्टरने ते पाठवले नव्हते. चिठ्ठी नाही म्हणून तारीख नाही, तारीख नाही म्हणून पाळी नाही.

"अहो, बाबांचं तेवढं..." मालकीणबाई आठवण करत.

"करतो गं. आज तीन तारखा आहेत."

असे सतरा महिने गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभर दात वाटणाऱ्याचा बाप पलंगावर बसून दुधात बुडवलेला पाव चमच्याने खात होता. ज्याच्या पावाच्या कडेचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा, तो! आजोबांनी तक्रार केली नाही. फक्त हळूहळू बोलणे कमी केले, कारण बोललेले कुणाला कळत नव्हते आणि दोनदा सांगायची त्यांना लाज वाटे.

एके दुपारी मालक माल पोचवायला बाहेर गेले. आजोबा भिंत धरत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सूनबाई, या घरात चिठ्ठीशिवाय दात मिळत नाहीत. चल, चिठ्ठी आणू."

दोघे गेले ते त्या पाचांतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे. परत आले तेव्हा मालकीणबाईंचा चेहरा उतरला होता. हिरड्या फार झिजल्या होत्या. आणखी वर्ष काढले असते तर कवळी त्यांच्यावर टिकलीच नसती, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तुटलेली जोडून भागणार नव्हते. वरची आणि खालची, दोन्ही नव्या हव्या होत्या.

दोन दिवसांनी ट्रे माझ्यावर आला. पेशंट नंबर एकतीस, पुरुष, वय एकोणऐंशी. पाळी आली तसे मालकांनी काम हातात घेतले. साचा काढला, उजेडात धरला, गोल फिरवून पाहिला. मी श्वास रोखून होते. टेबलाला जितका रोखता येतो तितका.

"बघ गं, काय अवस्था आहे," मालक बायकोला म्हणाले. "वर्ष-दीड वर्ष खालच्या दातांशिवाय काढलंय म्हाताऱ्यानं. घरचे काय झोपलेत का याच्या?"

मालकीणबाईंनी ओट्यावरचे भांडे उगाचच दुसऱ्यांदा पुसले. "असतील कामात."

"कसलं काम? दात काय वर्षभर थांबतात?" मालक चिडले होते, अगदी मनापासून. आणि त्याच रागाने त्यांनी ती कवळी अशी केली की काय सांगू! झिजलेल्या हिरडीला टोचू नये म्हणून कडा तीनदा घासली. त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी इतका जीव ओतताना पाहून मला त्यांचा अभिमानही वाटत होता आणि त्यांच्या पायावर माझा पाय पडावा असेही वाटत होते.

कवळी गेली, डॉक्टरीणबाईंनी बसवली. त्या दिवशी आजोबा आणि मालकीणबाई परत आले तेव्हा मालक माझ्यावर वाकून मेण कोरत होते. आजोबांनी दोन ट्रे सरकवले, खुर्ची ओढली आणि येताना आणलेल्या पावाची कड कापून तोंडात टाकली.

कर्रम्.

"कोण काय खातंय?" मालकांनी मान वर न करता विचारले.

"मी. एकतीस नंबर."

मालकांच्या हातातली कोरणी थांबली.

"वर डाव्या बाजूला जरासं लागतंय," आजोबा म्हणाले. "पण घाई नाही. तुम्ही कामात असाल."

जन्मात कधी बापाने त्यांना 'तुम्ही' म्हटले नव्हते. मालकांनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडात आपणच घडवलेले दात ओळखले. मग उठले, हात धुतले आणि म्हणाले, "आ करा, बाबा." चार ट्रे तारखेसकट वाट बघत असताना त्यांनी वरची कवळी काढून घेतली, डावी कड घासली, परत बसवली. "आता?" "आता बरं." पुन्हा घासली. "आता?" "अरे, आता मला खाऊ दे की!"

लेक हसली, मग मालकीणबाई हसल्या. मालक हसले नाहीत. ते म्हणाले, "झोपलेत का म्हणालो होतो ना मी."

"झोपले असते तर बरं झालं असतं," मालकीणबाई म्हणाल्या. "सतरा महिन्यांत कधीतरी जागे तरी झाले असते."

दुसऱ्या दिवशी मालकांनी पाचही डॉक्टरांना फोन केले: काम आता सहा दिवसांनी नाही, दहा दिवसांनी मिळेल, आणि संध्याकाळी सहानंतर फोन उचलला जाणार नाही. चौघे कुरकुरत कबूल झाले. पाचवे भडकले आणि गेले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानामागची खोली मालकांनी घेतली आणि ट्रे तिकडे हलले. माझ्या भेगांतली प्लास्टरची भुकटी काढायला घरच्यांना अख्खा रविवार लागला. दिव्याचा एक काळा डाग राहिला आहे, तो राहू दे. त्या संध्याकाळी माझ्यावर चौघांच्या हातांची आठ कोपरे एकदम टेकली, तेव्हा माझ्या पायांतली कुरकुर गेली. खरेच सांगते.

मित्रांनो, जुन्या टेबलाची एक विनंती ऐका. बाहेरच्या कामाला चिठ्ठी असते, तारीख असते, मागे लागणारा फोन असतो. घरच्या माणसाला यातले काही नसते. तो नुसता थांबतो. म्हणून त्याची पाळी तुम्हीच लावायची असते, तो आपण होऊन नंबर घ्यायच्या आत.

आता शेवटचा हिशेब. या बदलाची किंमत कुणी मोजली? मालकांचा एक डॉक्टर गेला. शहरातली दात नसलेली माणसे चार दिवस जास्त मऊ खातात आणि मालकांच्या नावाने बोटे मोडतात. मोडू देत. आधी सगळ्या शहराच्या घाईची किंमत एका म्हाताऱ्याने एकट्याने सतरा महिने भरली होती. आता ती सगळ्यांनी वाटून घेतली आहे, माणशी चार दिवस.