तिसऱ्या फेरीचा आकडा

तीन बदल आणि तीन फेऱ्या. राजवर्धन निकमांची अट एवढीच होती, आणि ती ऐकल्यापासून ब्राह्मीला एका जागी बसवत नव्हतं.

लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात वीस वर्षं घालवून निकम साताऱ्याला परतले होते. एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप होतं. हौशी लोक आपल्या गाड्या त्यांच्याकडून आणखी जोरकस करून घ्यायचे. त्यांना आता मापं घेणारं, आलेख वाचणारं एक माणूस हवं होतं. ब्राह्मी मगदूम फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, वय चोवीस. ती गेली तेव्हा निकम एका बॉनेटखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "जोरात पळणारी गाडी कुणीबी करतंय, पोरी. पहिल्या फेरीला. मला तिसरी फेरी पहिलीएवढी पायजे. अर्ध्या सेकंदाच्या आत. गाडी तुझी, पार्ट तू निवडायचे, तीनच. चालवणार मी. एप्रिलचा तिसरा रविवार, सकाळी आठ. जमलं तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. न्हाई जमलं तर चहा पिऊन घरी. क्लिअर?"

"क्लिअर," ती म्हणाली होती.

घरी म्हणजे विश्रामबागेतल्या क्लासला. तिथे ती वर्षभर अकरावीला शिकवत होती. फळ्यावर एक गाडी 'अ' आणि एक गाडी 'ब' काढायची, एकीला वेग द्यायचा, दुसरीला त्वरण, आणि खाली लिहायचं: घर्षण नगण्य माना. वर्षभर घर्षण नगण्य मानून तिला वीट आला होता. क्लासचे सर नव्या वर्षासाठी होकार मागत होते. तिने त्यांना सोमवारपर्यंत थांबवलं होतं.

गाडी खरं तर तिच्या भावाची, अतिशयची. पलूसजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडशेजारी ती लाल, दोन दारांची, दोन लिटरची टर्बो गाडी ताडपत्रीखाली उभी असायची. त्याने ती पुण्याच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. आणली त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "ह्यात बसायचं, का ही अंगात घालायची?"

अतिशय बहिणीला गाडी द्यायला लगेच तयार झाला. भांडण पार्टवरून सुरू झालं.

"मोठा टर्बो," तो म्हणाला. "मोठा सायलेन्सर. आन् ते फुस्स करणारं व्हॉल्व्ह. झाले तीन."

"फुस्सनं किती सेकंद कमी होतात, दादा?"

"सेकंद न्हाई गं. पण सगळ्या पलूसला कळतंय, कोण आलं ते."

"ते आत्ताही कळतं. तू हॉर्न सोडतच नाहीस."

तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. पण दाबलेली हवा तापते. तापलेली हवा विरळ होते, इंजिनचा कॉम्प्युटर सावध होतो आणि जोर कमी करतो. पहिल्या फेरीला सगळं गार असतं, तिसरीला सगळं तापलेलं. म्हणजे निकमांनी वेग मागितलाच नव्हता, त्यांनी गारवा मागितला होता. टर्बो बदलण्यात अर्थ नव्हता. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी गाडीच्या नाकातली ॲल्युमिनियमची जाळी, ती मोठी घ्यायची. दुसरं, कॉम्प्युटरमधली गणितं नव्याने लिहायची, थोडा हात राखून. तिसरं काय?

ते सुचेना. ब्रेक? टायर? ऑइल कूलर? यादी तिने अकरा वेळा बदलली. जेवताना उठून आकडे खोडायची. आई, गुणमाला, म्हणाली, "आदी भाकरी संपीव गं. ती गाडी काय उपाशी हाय व्हय?"

बागेची उन्हाळी खरड छाटणी उरकली होती. अतिशय ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून फवारणी करत होता. ब्राह्मी ओळींमधून येरझाऱ्या घालत होती, आणि वळताना ब्लोअरचा तुषार तिच्या दंडावर आला. ऊन चाळीस अंशांचं, पण दंड गार पडला. ती तिथेच थांबली, मग ट्रॅक्टरपुढे धावत आली.

"दादा, एक नोझल काढून दे!"

"येडी झालीस काय? औषध हाय त्यात. आदी हात धू."

तो तिसरा बदल ठरला. इंटरकूलरसमोर फवारणीची दोन नोझल, एक छोटा पंप आणि पाच लिटरची टाकी. पाण्याची वाफ होताना जाळीतली उष्णता जाणार. तिने हिशेब केला, एका फेरीला सातशे मिलिलिटर पुरत होतं. नोझल तुंबू नये म्हणून ती टाकी स्वयंपाकघरातल्या हंड्यातून भरायची. त्यांच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. त्याहून स्वच्छ पाणी तिला ठाऊक नव्हतं.

पलूसच्या गुंडामामाच्या गॅरेजमध्ये जोडणी झाली. रोज सकाळी सात वाजता ती अतिशयला घेऊन सागरेश्वरच्या चढाला जायची. तोच गिअर, तोच एकसारखा वेग, तोच साडेतीन किलोमीटरचा चढ. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान पहिल्या दिवशी ४९ आलं. ती हसली. तिसऱ्या दिवशी ५१. पाचव्या दिवशी ५४. आठव्या दिवशी ५८.

बाहेरचं ऊन तेवढंच, चढ तोच. तिने सेन्सर बदलला. पाइपांचे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. गणितं पुन्हा वाचली. टायरची हवा मोजली, अतिशयला वजनकाट्यावर उभं केलं.

"ह्याचा काय संबंध?" तो म्हणाला.

"नसेल. पण मोजलं की नाही असं नको व्हायला."

रविवार दोन दिवसांवर आला. शुक्रवारी सकाळी ती शेडच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. नख कुरतडून बोट दुखायला लागलं होतं. अण्णा बागेतून आले, गाडीच्या नाकापुढे उकिडवे बसले आणि जाळीवर अंगठ्याचं नख ओढलं. नखाखाली पांढरं भरलं.

"ब्राह्मी, ह्यात बोअरचं पाणी मारतीस काय गं?"

"गाळलेलं आहे, अण्णा."

"गाळून गाळ जातोय. क्षार कुटं जातोय? ठिबकचं ड्रिपर असंच तर चोंदत्यात."

ती उठून आली. बारीक पात्यांमध्ये पांढरी पुटं चढली होती. पाणी उडून जात होतं, क्षार मागे राहत होते. रोज थोडे. वाफेचं सगळं गणित तिने केलं होतं, आणि वाफ झाल्यावर मागे काय उरतं हे विचारलंच नव्हतं. घरच्या पितळी हंड्याच्या तळालाही हेच पांढरं होतं, लहानपणापासून बघितलेलं.

पुढचं कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. ठिबक चोंदली की ॲसिड सोडायचं, पाइप कोंडून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी धुवायचं, हे ती दहा वर्षांची असल्यापासून करत आली होती. अतिशयने इंटरकूलर काढला. तिने त्याची तोंडं रबराने बंद केली, प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाणी, त्यात मापाने ॲसिड, आणि जाळी बुडवली. फसफसून बुडबुडे आले. चुनखडी विरघळतेय, ती म्हणाली, आणि हात धुऊन जेवायला गेली.

शनिवारी सकाळी जाळी नव्यासारखी चमकत होती. घमेल्यातून अजून बारीक बुडबुडे येत होते. धुऊन, जोडून, टाकीत या वेळी बॅटरीत घालायचं पाणी भरून त्यांनी चढ गाठला. ४९.

"झालं!" अतिशय ओरडला. "आता तरी फुस्स लावूया का?"

रविवारी आठला साताऱ्याच्या वर, पवनचक्क्यांच्या पठारावर जाणाऱ्या कंपनीच्या खाजगी रस्त्यावर फाटक बंद करून घेतलेलं होतं. निकमांनी परवानगी काढली होती. अतिशय वर घड्याळाच्या यंत्रापाशी गेला. निकमांनी हेल्मेट घातलं. ब्राह्मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसली, पट्टे आवळले.

"बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "उलटी आली तर खिडकी."

पहिली फेरी एक मिनिट चव्वेचाळीस पूर्णांक दोन. नऊ वळणं कशी गेली, तिला कळलं नाही. वर अतिशय दोन्ही हात उंचावून नाचत होता. खाली आले, लगेच दुसरी. एक मिनिट चव्वेचाळीस पूर्णांक पाच.

"तीन दशांशाचा फरक," निकमांनी हेल्मेटची काच वर केली. "आज चहा गोड लागणार म्हण की, पोरी."

ब्राह्मी हसली नाही. तिच्या पडद्यावर टर्बो किती राबतोय ते दाखवणारी एक निळी रेघ होती. हवेचा दाब हवा तेवढाच होता. पण तो टिकवायला टर्बोला पहिल्या फेरीत जेवढं राबावं लागलं होतं, त्याच्या दीडपट दुसऱ्या फेरीत लागलं होतं. म्हणजे कुठेतरी हवा गळत होती. कॉम्प्युटर ती गळती मुकाट्याने भरून काढत होता, पंखा आणखी जोराने फिरवून.

बाहेर पवनचक्कीचं पातं सावकाश वळत होतं. तिला घमेलं आठवलं. चुनखडी शुक्रवारीच संपली असणार. मग शनिवारी सकाळी बुडबुडे कसले येत होते? ॲसिड काय खात होतं?

ठिबकचे पाइप प्लॅस्टिकचे असतात. हा कूलर ॲल्युमिनियमचा होता.

"चला खाली," निकम म्हणाले. "शेवटची."

अतिशय खिडकीपाशी आला होता. "एकच फेरी गं! एकच!"

दाब आणखी एक फेरी टिकेलही. घड्याळ चव्वेचाळीस दाखवील, आणि सोमवारी ती इथे असेल. किंवा सातव्या वळणावर भोक फाटेल, पंखा सुसाट सुटेल आणि दादाच्या टर्बोचे तुकडे इंजिनात जातील. ती रेघ तिच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. निकमांची नजर रस्त्यावर होती.

"सर, थांबा," ती म्हणाली. "गाडी गळतीय."

"टाइम तर बरोबर हाय."

"टाइम बरोबर आहे, गाडी नाही. मी इंटरकूलर ॲसिडमध्ये ठेवला होता. रात्रभर."

"कशात?"

"ॲसिडमध्ये. ठिबकला घालतो तसं."

निकमांनी इंजिन बंद केलं. ते उतरले, बंपर उतरवायला स्वतःच हात लावला. साबणाचं पाणी ओतून पंपाने हवा भरली तर जाळीच्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढे फुगे आले, एक, दोन, मग रांगच.

"आयला," अतिशय म्हणाला. "ही तर ठिबकच झाली की."

कुणी हसलं नाही. मग निकमच हसले, खांदे हलेपर्यंत. "अठ्ठावीस वर्षं ह्या धंद्यात हाय. वाळू घातलेली बघितली, साखर घातलेली बघितली. ठिबकचं ॲसिड पैल्यांदा." त्यांनी पंप खाली ठेवला. "तर मग तिसरी फेरी न्हाई."

"आहे," ब्राह्मी म्हणाली. तिलाच आश्चर्य वाटलं. "जुना कूलर डिकीत आहे."

"तो मी साताऱ्यातल्या दोस्ताला द्यायला आणलाय," अतिशय कुरकुरला.

"उद्या दे. सर, जुना लावून फेरी घ्या. टाइम पडणारच. पण किती पडेल, ते मी आधी लिहून देते."

निकमांनी घड्याळ पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. "दहाला रस्ता सोडायचाय."

अतिशय आणि निकम गाडीच्या नाकात घुसले. ती दगडावर बसली. जुन्या कूलरचे आकडे तिच्याकडे होते, बदल करण्याआधी पाच दिवस सकाळी मोजलेले. तापमान किती चढेल, कॉम्प्युटर जोर किती कापेल, कुठल्या वळणानंतर कापेल. अतिशयचं वजनही होतं, पण ते उपयोगाचं नव्हतं. पेनाची शाई वाऱ्याने वाळत होती. एकदा खोडलं, पुन्हा मांडलं. साडेनऊला तिने कागदाची घडी केली आणि निकमांच्या खिशात घातली. मग ती गाडीत जाऊन बसली आणि पट्टे आवळले.

तिसऱ्या फेरीत सहाव्या वळणानंतर गाडी दमली, ते तिला पाठीला जाणवलं. निळी रेघ शांत होती. वर अतिशय नाचला नाही. त्याने नुसतं वाचलं, "एक एक्कावन्न पूर्णांक दोन."

निकमांनी हेल्मेट काढलं, खिशातली घडी उलगडली. त्यावर लिहिलं होतं: १ मिनिट ५०.८ सेकंद. ते दोनदा वाचून त्यांनी कागद अतिशयकडे दिला.

"पहिलीएवढी आली न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"सात सेकंद गेले."

"हो."

"उद्या नऊला ये. येताना तो भोकाचा कूलर घेऊन ये, भिंतीवर टांगू. आलेल्या गिऱ्हाइकाला तूच सांगायचं, हे कुणी केलं ते."

अतिशयने तिच्या पाठीत धपाटा घातला. "क्लासच्या सरांना फोन लाव आता!"

ब्राह्मी कागदाकडे बघत होती. पन्नास पूर्णांक आठ, एक्कावन्न पूर्णांक दोन. एकाच फेरीत जुळलं, म्हणजे योगायोगही असू शकतो. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहाला आठ मिनिटं होती.

"सर," ती म्हणाली, "आणखी एक फेरी बसते का? आकडा आधी लिहिते."