दुरुस्तीच्या पाटीवरचा दुसरा रू

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. दुरुस्तीच्या एका दुकानाच्या दारावर मी टांगलेली असते. उन्हाने माझा निळा रंग फिका पडला आहे आणि एका कोपऱ्याला गंज चढला आहे, पण माझी अक्षरं अजून रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात. आणि मित्रांनो, पाटीला आणखी काय हवं असतं?

माझा जन्म एका बंद पडलेल्या फ्रीजच्या दारातून झाला. ते दार कापून, घासून, रंगवून मला पाटी केलं ते ताईने. ताई आणि दादा ही सख्खी भावंडं. ताई यंत्रं उघडायची, त्यांच्या पोटातलं दुखणं शोधायची. दादा दारातल्या टेबलापाशी बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी ताई फरशीवर मांडी घालून माझ्यावर अक्षरं काढत होती. एका ठिकाणी तिचा ब्रश अडला.

"दादा, दुरुस्तीतला रु पहिला की दुसरा रे?"

दादा स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होता. तोंडात आणखी दोन खिळे होते. "दुसरा दे," तो तसाच पुटपुटला. "भारदस्त दिसतो."

ताईने छान वळणदार, दुसरा रू काढला. 'येथे सर्व प्रकारची दुरूस्ती केली जाईल.' अशी मी लिहून झाले. मला काही खटकलं नाही. जन्मल्या जन्मल्या स्वतःचं नाक वाकडं आहे हे कोणाला कळतं?

मला ते लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. बहुतेक लोक मला वाचून सरळ आत शिरायचे. काही जण मात्र मध्येच थबकायचे. कॉलेजातली मुलं मोबाईलवर माझा फोटो काढून खिदळायची. मला आधी वाटलं, रंग आवडला असेल! मग एकदा एका लहान मुलीने बोट लावून मला मोठ्याने वाचलं आणि आईला विचारलं, "आई, बाईंनी तर पहिला रु शिकवला होता, मग इथे दुसरा कसा?" आई म्हणाली, "चल गं, उशीर होतोय." त्या दिवशी मला माझी चूक समजली. त्यानंतर मला एक नादच लागला. माझ्यातला हा एक रू पाहून कोण काय करतं, ते मी निरखू लागले.

समोरचा औषधवाला ताईला म्हणायचा, "तुमचं बरंय. रू चुकला तरी पंखा फिरतो. आमच्याकडे एक टिंब इकडचं तिकडे झालं तर पेशंट दगावेल." शेजारचा शिंपी म्हणायचा, "लोक शिलाई बघतात हो, पाटी कोण बघतं?" आणि मागच्या गल्लीतले एक आजोबा काहीच म्हणायचे नाहीत. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचे. कामावर जाता-येता ते मला एकदा वाचायचे. मग जेवताना दाताखाली खडा यावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा आणि ते पुढे निघून जायचे. निवृत्त झाले तरी त्यांचा तो चेहरा गेला नाही. आमच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत. घरातला पंखा बिघडला तर तो उचलून ते लांबच्या दुकानात न्यायचे.

एकदा एका मोठ्या कचेरीचे साहेब सगळे पंखे दुरुस्तीला द्यायचे म्हणून आले. दारातच त्यांनी मान वर केली, मला वाचलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "यांना दुरुस्ती लिहिता येत नाही, हे करणार काय?" आणि आल्या पावली परत गेले.

त्या दिवशी बहीणभावात जुंपली.

"पुसून नीट लिहिते," ताई म्हणाली. "माझ्या हाताला काय झालंय?"

"अजिबात नको," दादा म्हणाला. "अख्खा रस्ता पत्ता सांगतो, दुसऱ्या रूच्या दुकानापाशी वळा म्हणून. अशी फुकटची जाहिरात कोणाला मिळते? आणि लोकांना कळतंय ना काय लिहिलंय ते? मग झालं तर!"

ताईला ते पटलं नाही, पण हातातलं काम सुटेना. आज करू, उद्या करू यात माझा रू तसाच राहिला. खरं सांगू? साहेब बरोबर की दादा बरोबर, हे मलाही ठरवता येत नव्हतं. ताईचे हात मी रोज पाहत होते. त्या हातांनी एकही यंत्र अर्धवट सोडलं नव्हतं. मग माझ्या एका अक्षरावरून तिची पारख का व्हावी? पण असंही वाटायचं, की जी ताई एक स्क्रू सैल ठेवत नाही, तिने मला का असं सोडावं?

एका सकाळी मागच्या गल्लीतल्या त्या आजोबांची सून शिलाई मशीन घेऊन आली. ते मशीन मोठं चमत्कारिक होतं. हाताने फिरवायचं चाक उजवीकडे असतं, ते याला डावीकडे होतं.

"सासूबाईंचं आहे," ती म्हणाली. "त्यांचा उजवा हात लहानपणापासून अधू आहे. सासऱ्यांनी लग्नानंतर मुद्दाम असं बनवून घेतलं. दोन दुकानांत विचारलं, ते म्हणाले फेकून द्या. सासरे तुमच्याकडे यायला तयार नव्हते, मीच घेऊन आले. हे फेकायचं नाही. दुरुस्त करायचं."

"काळजी नको, वहिनी," दादा म्हणाला. ताई सुटे भाग आणायला गेली होती. तिला कळावं म्हणून त्याने एका कागदावर भराभर लिहिलं आणि तो मशीनला चिकटवला. 'फेकायचं नाही दुरूस्त करायचं' पूर्णविराम, स्वल्पविराम या गोष्टींसाठी त्याने पेन कधी थांबवलं नव्हतं. मशीन दाराशी ठेवून तो आत फोनवर बोलायला गेला.

तेवढ्यात भंगारवाला आला. तो खिशात चुंबक घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला चुंबकमामा म्हणत. "काही न्यायचं का?" त्याने हाक दिली. दादा आतूनच ओरडला, "दारातलं ने!" त्याला म्हणायचं होतं, दारातला मोडका कूलर. मामाने कूलर उचलला. मग मशीनवरचा कागद वाचला, उलट्या बाजूचं चाक पाहिलं, मान हलवली आणि मशीनही गाडीवर चढवलं. मी वरून सगळं पाहत होते. मित्रांनो, पाटीला ओरडता येत नाही याचं मला इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

ताई परत आली तेव्हा दादाला मशीन दिसेना. तो तसाच भंगाराच्या वखारीकडे पळाला. आणि नेमके त्याच वेळी ते आजोबा आले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला न वाचता पायरी चढले.

"सूनबाई मशीन देऊन गेली म्हणे. होईल का बरं? बायको खिडकीशी बसून वाट बघतेय."

ताईने सारवासारव केली नाही. "आजोबा, आमच्या हातून चूक झालीय. मशीन भंगारात गेलं. दादा आणायला गेलाय."

आजोबा खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसले. तितक्यात दादा आणि मामा हातगाडी ढकलत आले. गाडीवर मशीन होतं, पण त्याचं चाक नव्हतं.

"मी वाचूनच नेलं की!" मामाने कागद फडकवला. "फेकायचं. नाही दुरुस्त करायचं. तुमच्याच हातचं आहे."

"अरे, फेकायचं नाही. दुरुस्त करायचं!" दादा ओरडला.

"मग तसं लिहायचं ना! मी चाक काढून बिडाच्या लोखंडाच्या ढिगात टाकलं."

आजोबांनी हात पुढे करून कागद घेतला. त्यांनी तो एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला. त्यातही दुसरा रू होताच, पण त्याच्याकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नाही. दादा खाली मान घालून उभा होता. आजोबा त्याला रागावले नाहीत. ते उठले आणि मामाला म्हणाले, "ढीग दाखव."

पुढचं मी ताईच्या तोंडून ऐकलं. जन्मभर ओळींमधून चुका वेचणारे आजोबा पांढऱ्या कपड्यांत त्या ढिगापाशी उकिडवे बसले आणि एक बरोबर चाक वेचायला लागले. त्यांच्या एका बाजूला दादा होता, दुसऱ्या बाजूला मामा. दिवस कलता कलता चाक सापडलं. त्याची कड उडाली होती. ताईने ती भरून घेतली, घासून गुळगुळीत केली आणि मशीनच्या पोटातलं मूळ दुखणंही काढलं.

मशीन न्यायला आजोबांबरोबर आजी स्वतः आल्या. त्यांनी डाव्या हाताने चाक फिरवलं. चिंधीवर सरळ, बारीक टिपांची ओळ उमटली. आजींनी ती बोटाने चाचपली आणि ताईच्या गालावरून हात फिरवला. मग निघताना दारात त्यांनी मान वर केली आणि मला वाचलं.

"अहो, हा रू तुम्हाला कधी दिसला नाही?"

"पहिल्या दिवसापासून दिसतोय," आजोबा म्हणाले.

"मग सांगितलं नाहीत?"

आजोबा चष्मा पुसत राहिले. "वाटलं, ज्यांना कळत नाही त्यांना काय सांगायचं."

"सांगितलं असतंत तर कळलं असतं ना, आजोबा," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आणि मला कळलं तेव्हा मी चालवून घेतलं," दादा म्हणाला.

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "रंग आहे का दुकानात?"

दादाने स्टूल घट्ट धरलं. ताईने जुना रू घासून काढला आणि ब्रश दिला. आजोबांनी याआधी कधी पाटी रंगवली नव्हती, त्यामुळे माझा पहिला रु जरासा कलता आला. ताईने तो तसाच वाळू दिला.

आता दादा कागदावर काही लिहिलं की ते मोठ्याने वाचून पाहतो आणि पूर्णविराम इतका दाबून देतो की कागदाला भोक पडतं. आजोबा घरातल्या बिघडलेल्या वस्तू आमच्याकडेच आणतात. खरं तर त्यांच्याकडे आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ते येतात आणि ताईच्या कामाकडे बघत बसतात.

मित्रांनो, लिहिताना क्षणभर थांबा, कारण तुमचं लिहिणं कोणीतरी खरं मानून चालणार आहे. आणि दुसऱ्याची चूक दिसली तर खुशाल हसा. माझी काही तक्रार नाही. पण हसून पुढे जाऊ नका. पायरी चढा, आत या आणि सांगा. दार उघडंच असतं.