खालचा, वरची आणि हिरवा ठिपका

मी एक जुना गेम आहे, मित्रांनो. दोन्ही हातांत धरून खेळायचा, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेला. माझ्यासारखी यंत्रं आपली गोष्ट कारखान्यापासून सुरू करतात. मीही कारखान्याकडे येईन. पण आधी एक रविवार सांगतो. त्या रविवारी विशेष काहीच घडलं नाही, आणि तसा दिवस पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, बायको गेली होती, आणि दोन खोल्यांच्या घरात ते एकटेच राहत. त्या दुपारी त्यांनी जेवून ताट धुतलं, ओट्यावर पालथं घातलं, बनियनच्या टोकानं चष्मा पुसला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मला मांडीवर घेतलं. माझ्या बॅटरीत आता दम राहिला नव्हता, म्हणून चार्जरची वायर कायम लावलेली असे. पडदा उजळला. गाड्यांच्या शर्यतीत सुरुवातीच्या रेघेवर दुसरी गाडी आधीच येऊन उभी होती. ती दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या मुलीची. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. मिस्त्रींनी दोनदा वाजवला. मग दोघं सुटले.

शेवटच्या वळणावर मुलीनं त्यांच्या गाडीला असा धक्का दिला की ती थेट खड्ड्यात गेली. "बापाला खड्ड्यात घालते, बघा," मिस्त्री खोलीला उद्देशून म्हणाले. मुलगी मात्र शेवटच्या रेघेपाशी थांबून राहिली. बापाची गाडी धडपडत वर आली, रेघेच्या अगदी जवळ पोचली, आणि मगच ती आरामात रेघ ओलांडून जिंकली. मिस्त्री हसता हसता खोकायला लागले. मला बाजूला ठेवताना म्हणाले, "उद्या बघतो तुझ्याकडे." ते मला म्हणाले नव्हते.

एवढाच तो रविवार.

आता माझा जन्म. एका लांबलचक टेबलावर मी तयार झालो. बोटांना रबरी टोप्या घातलेल्या एका बाईनं माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला पुढच्या बाईकडे सरकवलं. माझ्यात रंग होते, आवाज होता, दूरच्या गेमशी बोलायची बिनतारी सोय होती. पण बोलायची म्हणजे फक्त आम्हा यंत्रांनी एकमेकांशी. माणसाला माझ्यातून दुसऱ्या माणसाला एक ओळही पाठवता येत नाही. माझ्यात मित्रांची यादी आहे. तिच्यात मित्राचं नाव दिसतं, चित्र दिसतं, तो कुठला खेळ खेळतोय ते दिसतं, आणि तो चालू असेल तर नावाशेजारी एक हिरवा ठिपका दिसतो. 'ये, खेळू या' असं बोलावणं धाडता येतं. 'जेवलीस का' असं विचारता येत नाही. मला बनवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. कुणा अनोळखी माणसानं तुमच्यासारख्या मुलांना भलतंसलतं लिहू नये, म्हणून त्यांनी मला तोंडच दिलं नाही.

माझ्या या मुकेपणाची दुकानात सगळे तक्रार करत. मिस्त्रींनी मात्र मला त्यासाठीच घेतलं.

त्याचं असं झालं. मिस्त्रींची बायको आजारी होती तेव्हा मुलगी कामाच्या शहरात होती. ती आली ती आई गेल्यावर, हातात प्रवासाची बॅग घेऊन. माणसांनी भरलेल्या खोलीत मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आता आलीस?" तिनं बॅग खाली ठेवली आणि कामाला लागली. पुढचे दिवस तिनं सगळं नीट केलं, आणि परत गेली. त्यानंतर दोघांचा फोन बंद झाला. फोन केला असता तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं म्हटलं की ते दोन शब्द दारातच उभे. मिस्त्रींना ते परत घेता येईनात, मुलीला ते ओलांडता येईनात.

निरोपांची सगळी ने-आण मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीकडे आली. मुलगी तिला आत्या म्हणायची. आत्या मोठी बोलघेवडी बाई. ती एकदा वैतागून भावाला म्हणाली, "दादा, कुलूप तुम्हा दोघांच्या तोंडाला आणि किल्ल्या सांभाळायच्या मी. ती पोर कामावरून घरी आली की तो गाड्यांचा गेम घेऊन बसते. बोलत नाहीस तर निदान तिच्याशी खेळ तरी."

मिस्त्री दुकानात गेले. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की काका, यात मेसेज नाही हं करता येत. "बरं झालं," मिस्त्री म्हणाले, आणि मी घरी आलो.

मुलीचा मित्र-क्रमांक आत्यानं मिळवून दिला. मी त्यांचं नाव विचारलं तेव्हा मिस्त्रींनी एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, 'खालचा'.

हे नाव समजायला तुम्हाला लिफ्टची विहीर माहीत हवी. लिफ्ट जिच्यातून वरखाली जाते त्या उभ्या, अंधाऱ्या पोकळीला ती माणसं विहीर म्हणतात. दुरुस्तीला दोघं लागतात. एक वर यंत्रापाशी, एक खाली विहिरीच्या तळाशी. वरचा आणि खालचा. हाक मारली तर ती भिंतींवर आपटून फुटते, शब्द कळत नाहीत. म्हणून पान्यानं लोखंडी रुळावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे मी आहे, ठीक आहे. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की दोन ठोके दिले की समोरून दोन ठोके परत येईपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. उत्तर नाही, तर हलायचं नाही. या नियमावर मिस्त्रींचा जीव नोकरीभर टिकला होता. मुलगी लहान असताना झोपायच्या आधी आपल्या बाजूनं भिंतीवर चमच्यानं दोन ठोके द्यायची. पलीकडून दोन आले की मगच डोळे मिटायची.

यादीत 'खालचा' हे नाव बघून मुलीनं काही काळ काहीच केलं नाही. मग मैत्री मान्य केली. पहिल्या शर्यतीत मिस्त्रींनी गाडी रेघेवर उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. बराच वेळ गेला. मग पडद्यातून दोन हॉर्न आले. मिस्त्रींनी मला इतकं घट्ट धरलं की माझं प्लास्टिक करकरलं. दुसऱ्या दिवशी यादीत मुलीचं नाव बदललेलं होतं. 'वरची'.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते हेच. मिस्त्री गाडी फार वाईट चालवत. कुंपणात घालत, उलटी नेत, आणि मुलगी त्यांच्यासाठी थांबत जाई. ती रागावली की एकदाच हॉर्न वाजवी, मग हेही थांबत. ती कामाच्या गडबडीत असली की एक फेरी मारून जाई, पण येई. खुर्चीत बसल्या बसल्या मिस्त्रींना डुलकी लागे आणि मी नियमाप्रमाणे आपोआप मिटून जाई. ते त्यांना आवडेना. त्यांच्या जुन्या जोडीदाराकडून त्यांनी माझी झोप कायमची बंद करून घेतली. हा जोडीदार म्हणजे नोकरीत त्यांच्या विहिरीत वर उभा राहणारा माणूस. त्याला ते म्हणाले, "माझा डोळा लागला तर तिला वाटायला नको, बाप उठून गेला."

आत्या विचारायची, काय बोलता रे दोघं त्यात? मिस्त्री म्हणायचे, बोलत नाही म्हणून तर जमतंय.

माझंही तेव्हा तसंच मत होतं. जे तोंडानं जमत नाही ते माझ्या मुकेपणात जमतंय, याचा मला अभिमान वाटे. पण ते दोन शब्द दारात तसेच उभे होते. आम्ही फक्त खिडकीतून ये-जा करत होतो.

रविवारनंतरचा सोमवार. दुपारचा चहा झाला, मिस्त्रींनी मला चालू केलं आणि गाडी रेघेवर आणली. मुलगी कामावरून यायची होती, तोवर ते थांबून बसले. मग त्यांचा हात माझ्यावरून सरकला. डुलकी लागली असं मला वाटलं. मी उशीवर कलंडलो. पडदा चालू, वायर लावलेली, गाडी रेघेवर उभी.

संध्याकाळी 'वरची' आली. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. मी तो त्या खोलीत वाजवला, जितका मोठा मला येतो तितका. उत्तर गेलं नाही. तिनं पुन्हा वाजवला.

पुढचं मला कळलं ते तिनं नंतर आत्याला सांगितलं तेव्हा. तिला वाटलं, काल खड्ड्यात घातलं म्हणून बाबा रुसलेत. तिला हसूही आलं. बाबांच्या नावाशेजारी हिरवा ठिपका होता, म्हणजे बाबा होते. आणि दोन हॉर्नचं उत्तर आलेलं नव्हतं, म्हणजे हलायचं नव्हतं. दुसऱ्या कुणा मुलीनं गेम बाजूला ठेवून फोन लावला असता. ही विहिरीचा नियम पाळत रेघेवर उभी राहिली. शेवटी तिला वाटलं, राहू देत रुसलेले. सकाळी उठून पाहिलं तर ठिपका हिरवाच. सकाळी सकाळीच सराव करतायत मला हरवायला, असं म्हणून ती कामावर गेली.

दुपारी आत्यानं भावाला फोन लावला. उचलेना, म्हणून तिनं जोडीदाराला पाठवलं. त्यानं दार उघडवलं. खुर्चीपाशी जाऊन त्यानं मिस्त्रींचा हात धरून पाहिला. कुणीतरी माझी वायर ओढली. थोड्या वेळानं मीही विझलो, आणि तेव्हा कुठे तो ठिपका गेला.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, सोमवारीच, कळलंही नसेल. ते ऐकून सगळ्यांना थोडं बरं वाटलं. मुलीला वाटलं नाही. ती आत्याला एवढंच म्हणाली, की मी तिथेच होते, आत्या. मी समोरच उभी होते.

मित्रांनो, तुमच्या हातातही माझ्यासारखं काहीतरी असेल. ते नीट वापरा, पाण्यात पाडू नका, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतातच. मी वेगळं सांगतो. हिरवा ठिपका म्हणजे माणूस नव्हे. मी चालू आहे, एवढंच तो सांगतो. मला धरणारा हात गार पडला तरी मी चालूच असतो, आणि ते कुणाला कळवायला माझ्याकडे एक अक्षर नाही. म्हणून उत्तर आलं नाही तर थांबून राहू नका. फोन करा, आवाज ऐका. आणि दारात काही शब्द उभे असतील तर त्यांना आत घ्या, खिडकीतून कितीही दिवस ये-जा जमत असली तरी.

घर आवरायला मुलगी आणि आत्या पुन्हा आल्या त्या दुपारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पान्यांची पेटी जोडीदार घेऊन गेला होता. आत्या स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मुलीनं मला शोधून काढलं, वायर लावली आणि खुर्चीतल्या उशीवर ठेवलं. स्वतः समोर जमिनीवर बसली. बॅगेतून तिचा गेम काढला. माझी गाडी तिनं रेघेवर आणली, शेजारी तिची. मग तिच्या गेमवरून दोनदा हॉर्न वाजवला, आणि माझ्यातून तो खोलीत वाजला.

तिचा हात माझ्या बटणाकडे आला. आता तीच माझ्यातून उत्तर देईल की काय, असं मला वाटलं. पण बटणापाशी येऊन तो हात थांबला आणि तिनं मागे घेतला. आतला डबे पुसायचा आवाजही थांबला होता.

"बाबा," खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना, आता आलीस? आईनंच येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, तू आलीस की ह्यांना कळेल, माझं काही खरं नाही ते. त्यांना अजून चार दिवस सुखानं जेवू दे. म्हणून मी आले नाही, बाबा. आणि तुम्हाला ते सांगितलं असतं, तर तुम्ही तिच्यावर रागावला असता. म्हणून नाही सांगितलं. माझ्यावर रागावलात, ते चाललं मला."