बोर्डावरचं शून्य

मुकादमाची रोज उठून एकच भुणभुण. "वीज गेली की तुझा संगणक उठायला दोन मिनिटं घेतो. तोवर आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?" शेवटी काल संध्याकाळी ती वैतागली आणि तिने ती एक ओळ काढूनच टाकली.

ती बोगद्याच्या कामावरची संगणकवाली. संगणक चालू होताना कोणता प्रोग्रॅम आधी, कोणता मागून, हे तिनेच लावून दिलेलं. बोगद्यात माणसं किती आहेत हे सांगणारा प्रोग्रॅम सगळ्यांत शेवटी. नेटवर्क नीट लागेपर्यंत त्याने थांबायचं, एवढंच ती ओळ सांगायची. कारण माणसं आत जाता-येता बोगद्याच्या तोंडाशी ज्या यंत्राला कार्ड टेकवतात, त्याच्याकडचा आकडा नेटवर्कवरूनच येतो. ओळ गेली, संगणक अर्ध्या मिनिटात उठायला लागला, मुकादम खूश. तिलाही वाटलं, चला, सुटले एकदाची.

आज सकाळी साडेदहाला वीज गेली आणि लगेच आली. संगणक उठला. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर आकडा आला: आत ०. तेवढ्यात सुरुंगाचा पहिला भोंगा झाला. तिसऱ्या भोंग्यानंतर सुरुंगवाला बोर्ड बघतो आणि शून्य असेल तर किल्ली फिरवून सुरुंग उडवतो, असा इथला नियम.

"आले वाटतं बाबा बाहेर," ती मनाशी म्हणाली. वडील आत ड्रिलवर होते. वीस वर्षं ड्रिल चालवून कान पार कामातून गेलेले. पूर्वी कुणीतरी आठवणीने त्यांचा हात धरून बाहेर आणायचं. बोर्ड लागल्यापासून तेही बंद झालं.

खिडकीतून माणसं येताना दिसली. तिने मोजली. सहा. आणि वीज जाण्याआधी बोर्डावर सात होते.

तिने घाईघाईने नोंदी उघडल्या. प्रोग्रॅम सुरू झाला पंचविसाव्या सेकंदाला, नेटवर्क लागलं एकशे दहाव्या. म्हणजे त्या पठ्ठ्याने आधीच हाक मारली, उत्तर आलं नाही, तर शून्य लिहून मोकळा, पुन्हा विचारलंच नाही! 'माहीत नाही' आणि 'कुणी नाही' यांतला फरक त्या मेल्याला कुठून कळणार? तो तिला कळायला हवा होता.

दुसरा भोंगा झाला.

तिने फोन लावला. सुरुंगवाल्याच्या खोलीत घंटा वाजत राहिली. तो बाहेर किल्लीपाशी बसलेला. फोन तसाच टाकून ती धावत सुटली. पायातली चप्पल कुठे गेली, खडी कुठे टोचली, काही कळलं नाही. वाटेत मुकादम ओरडला, "अगं, जातेस कुठे? बोर्डावर शून्य आहे!"

तिसरा भोंगा तिच्या डोक्यावरच वाजला. सुरुंगवाल्याने बोर्डाकडे पाहिलं आणि किल्लीवर हात ठेवला.

"काका, नको! शून्य खोटं आहे! बाबा आत आहेत!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बोर्डाकडे पाहिलं आणि किल्ली उपसून खिशात टाकली.

सहांतले दोघे आत धावले. ती खाली खडीवरच बसली. पाच मिनिटांनी वडील बाहेर आले, दोघांनी दंडाला धरलेले, वर त्यांच्यावरच चिडलेले. "अरे, एवढं एकच भोक राहिलं होतं!" त्यांनी यंत्राला कार्ड टेकवलं. लेकीला रडताना बघून त्यांनी तिला हाताला धरून उठवलं.

"ती ओळ मी काढली," ती सुरुंगवाल्याला म्हणाली. मुकादम मान खाली घालून उभा होता. तिने त्याचं नाव घेतलं नाही. हात तिचा होता.

मग ती संगणकाच्या खोलीत गेली, ओळ जागेवर घातली आणि संगणक पुन्हा चालू केला. दोन मिनिटं सगळे बोर्डाकडे बघत उभे राहिले. नेटवर्क लागलं, यंत्राने उत्तर दिलं, बोर्डावर आकडा आला: आत ०. हे शून्य खरं होतं.

"काका, आता चालेल," ती बाहेर येऊन म्हणाली.

सुरुंगवाल्याने किल्ली खिशातच ठेवली. त्याने टॉर्च उचलला आणि आत कुणी आहे का, ते बघायला तो स्वतः बोगद्यात चालत गेला.