पूर्वेकडची भिंत

गाळ काढायला धाकटा विहिरीत उतरला होता आणि थोरला काठावर बसून त्याच्याशी भांडत होता. दोघा भावांचं हे नेहमीचंच. दोर आम्हा तिघांच्या हातात होता. शेजारचा मी, गावचा सुतार आणि धाकट्याची बायको. घमेलं भरलं की खालून हाक यायची, आम्ही ओढायचो. मधल्या वेळात देवावरून भांडण.

विहीर पस्तीस फूट खोल, आतून दगडी. थोरला गवंडी. एकवीस वर्षांपूर्वी ती त्यानंच बांधली.

"दादा, मी उतरताना हात जोडले," खालून धाकटा म्हणाला. "तू जोडले असतेस तर बोटं झिजली नसती."

"कुणाला जोडू? घरात कुणी नसताना कडी वाजवत बसू?"

"म्हणजे देव नाहीच?"

"आहे ना! एवढं सगळं आपोआप झालं म्हणायला मला वेड लागलंय का? त्यानं केलं, नियम घालून दिले आणि गेला. गवंडी काय करतो? ओळंबा लावतो, बांधतो, घरी जातो. रोज येऊन धरावी लागते ती भिंत कसली?"

सुतार हसला. "म्हणजे देव तुझ्यासारखा."

"मी त्याच्यासारखा."

"तो बघत असतो, दादा. त्याला काळजी आहे आपली."

"बघत असता तर तुझ्या गाभण गायीवर वीज पाडली असती का त्यानं?"

धाकटा उत्तर देणार होता, तेवढ्यात खाली पाण्यात काहीतरी पडलं.

"दगड सुटला रे," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "भिंतीतून चिखल येतोय."

थोरला कधी पालथा झोपला आणि कधी त्यानं डोकं आत घातलं, कळलंच नाही. "पश्चिमेला सरक! भिंतीला पाठ लाव. दोराला हात लावू नकोस!"

"ओढा!" धाकट्याची बायको ओरडली आणि एकटीच दोर खेचू लागली. थोरल्यानं तिचं मनगट धरलं.

"ओढलंस तर जाईल तो. कप्पीचा खांब पूर्वेच्या भिंतीवर आहे. वरून अकरावा थर फुगलाय. माणसाचं वजन आलं की सगळं खाली."

आम्ही कप्पीतून दोर काढला, वळसा घालून पश्चिमेला नेला आणि तिकडच्या झाडाच्या बुंध्याला एक वेढा दिला. चार मिनिटं लागली असतील. खालून धाकट्याच्या तोंडचं देवाचं नाव ऐकू येत होतं, मोठमोठ्यानं. मध्येच ते थांबलं.

"अरे, थांबू नकोस!" थोरला किंचाळला. "म्हणत राहा! आवाज येऊ दे तुझा!"

पुन्हा नाव सुरू झालं.

दोर खाली गेला. धाकट्यानं तो काखेखालून बांधला. आम्ही ओढला. तो अर्ध्यावर आला असेल नसेल, पूर्वेची भिंत बसली. धुरळा वर आला, काही दिसेना. दोर मात्र जड होता, म्हणून आम्ही ओढतच राहिलो.

काठावर आला तेव्हा त्याची एक पोटरी सोललेली होती. बाकी धड. जमिनीवर पडल्या पडल्या तो हसायला लागला, हसता हसता रडायला लागला.

"बघितलंस, दादा? त्यानं धरलं मला."

धाकट्याची बायको नवऱ्याच्या पायाला पदर बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊजी, अकरावा थर कसा कळला तुम्हाला? थर मोजण्याएवढा वेळ तुम्ही आत बघितलंच नव्हतं."

"त्या बाजूला पाझरासाठी भोकं ठेवायची राहिली होती," थोरला म्हणाला. "पावसात मागं पाणी साचतं, ते भिंतीला रेटतं. दर वर्षी पाऊस सरला की येऊन बघायचो. यंदा चार बोटं पुढं आली होती."

"आणि आज ह्यांना उतरू दिलंत?"

"वाटलं, एवढा उन्हाळा काढेल."

"चूक कळली तर लोक काय म्हणतील, हे वाटलं तुम्हाला." तिनं गाठ आवळली. "तुमचा तो निघून गेलेला देव परवडला. त्याला निदान दिसत नाही."

धाकट्याचं रडणं थांबलं. तो भावाकडे बघत राहिला.

"दर वर्षी बघायचास?"

"हो."

"नुसतं सांगायचं होतंस, दादा."

थोरला त्याला उठवायला पुढं झाला. धाकट्यानं त्याचा हात बाजूला केला आणि बायकोच्या खांद्यावर भार टाकून लंगडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरला विहिरीवर होता. भावाची विहीर, पण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सुतार आणि मी मदतीला गेलो. ढासळलेले दगड वर काढले, उरलेली भिंत उतरवली, नव्यानं रचली. सतरा दिवस गेले. त्यात त्यानं एकदाही देवाचा विषय काढला नाही. सुतारानं एकदा छेडून पाहिलं, तर म्हणाला, "तो दगड दे."

धाकटा फिरकला नाही. अठराव्या दिवशी त्याची बायको घागर घेऊन आली.

"भोकं ठेवलीत?"

"ठेवली. चोवीस."

तिनं घागर खाली ठेवली, काठावर पालथी झोपली आणि बोटानं एकेक मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. थोरला डोक्याचं फडकं हातात धरून, तिचं होईपर्यंत उभा राहिला.