मंदाबाईच्या गोळ्या म्हशीच्या ढेपीत

डॉक्टरसाहेब, मंदाबाईचं मनगट जुळून येत नाही, यात अर्धा दोष तुमचा आहे. नालवाडीच्या वांग्याच्या वाफ्यात ती घसरून पडली. तुम्ही प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाई खाते काय, हे विचारलं नाही.

काल मी शेजारधर्म म्हणून डोकावलो, तर ती धडधाकट हातानं म्हशीसाठी सरकीची ढेप कालवून तीत तुमच्या गोळ्या चुरत होती.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या?"

"म्हैस व्याली ना, भाऊजी. ढोरांचा डॉक्टर म्हणे, तिले कॅल्शियम लागते."

"अन् तुमच्या हाडाले?"

"मी काय दूध देऊन राह्यली?"

तिचा नवरा, खुशाल, खाटेवरून हसला. "म्हशीनं खाल्लं काय अन् हिनं खाल्लं काय, दूध घरचंच."

घरचं कुठलं? सगळं दूध तुमच्या बंगल्यावर येतं, साहेब. मंदाबाईच्या गोळ्या फिरून तुमच्याच चहात.

मी खुशालला झापलं. "गोळ्या हिले दे. अन् उद्यापासून पहिला पेला हिचा. शेवग्याचा पाला शेळीले टाकतो, त्याची भाजी कर."

तो हो म्हणाला. म्हणून आज तुमचं दूध कमी आलं. तुमच्या बाईंनी लगेच खुशालला विचारलं, कमी काऊन?

त्याचं कारण मी सांगितलं. आता तुम्ही सांगा: जिच्या हातचं दूध रोज पिता, तिला स्वतःला ते मिळतं का, हे काऊन नाई विचारलं?