हापशाचा तज्ज्ञ

माझ्या वडिलांनी, महांतप्पांनी, एकतीस वर्षं तुळजापूर तालुक्यातले हापसे दुरुस्त केले. कुठल्या वस्तीवरचा हापसा किती पाइपांचा, कुणाचा रॉड कधी बदलला, सगळं त्यांच्या तोंडपाठ. शिक्षण सातवी. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा पुण्याच्या एका सल्लागार कंपनीतले कृष्णराज साहेब त्यांना शोधत आमच्या गावी, तामलवाडीला आले.

"एक परदेशी बँक दक्षिण सुदानला तांत्रिक मदत देतेय," साहेब म्हणाले. "तेरा वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला देश. तिथं आपल्याच बनावटीचे हापसे आहेत, पण निम्मे बंद. अकरा जण शिकायला येणार आहेत. शिकवायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

"किती दिस हायती?" अप्पांनी विचारलं.

"पाच."

"आठ असते तर बरं झालं असतं. पर पाच दिसांत पाना धरायला तरी येईल."

साहेब दोन दिवस अप्पांना बोलतं करून मोबाइलमध्ये सगळं भरून घेत होते. ते गेल्यावर अप्पा कामाला लागले. भंगारातून हापशाचा एक पितळी सिलेंडर आणला आणि हॅक्सॉनं उभा चिरला. आतलं पाणी उचलणारं वायसर कसं वरखाली होतं ते दिसावं म्हणून. "आपल्याला इंग्रजी येत न्हाय. बघून तर कळंल," म्हणाले. इंग्रजीसाठी मी होतेच. मी सोलापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. अप्पांनी मला पाच दिवसांची रजा टाकायला लावली.

फेब्रुवारीत पाहुणे आले, सोलापूरच्या हॉटेलात उतरले. पहिल्या दिवशी आम्ही चिरलेला सिलेंडर पोत्यात गुंडाळून तिथं गेलो. थंडगार हॉल, भिंतीवर पडदा. आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. कृष्णराज साहेब पडद्यावर एकेक चित्र दाखवत इंग्रजीत बोलत होते. दांडा जड लागला तर काय, हलका लागला तर काय, पाणी उशिरा आलं तर काय. मी हळू आवाजात अप्पांना मराठीत सांगत होते.

"अर्पिता, हे म्याच सांगितलेलं हाय न्हवं?"

"व्हय अप्पा."

"मंग मलाच का सांगायलीस?"

चार दिवस हॉलमध्येच गेले. पोतं खुर्चीखालीच राहिलं. गावात प्रत्यक्ष बघायचा कार्यक्रम पाचव्या दिवशी होता, दहा ते साडेदहा. त्यानंतर नळदुर्गचा किल्ला आणि जेवण.

गावातल्या शाळेजवळचा हापसा पाण्याची टाकी झाल्यापासून बंद होता. अप्पांनी आदल्या दिवशी त्याची साखळी तेल घालून मोकळी केली होती. गाडी आली, पाहुणे उतरले, फोटो निघाले. अप्पांनी झाकणाच्या बोल्टला पाना लावला तोच साहेब म्हणाले, "महांतप्पा, उघडू नका. वेळ नाही. नुसतं वरून सांगा."

पाहुण्यांत एक उंच, सावकाश बोलणारी बाई होती. अचोल तिचं नाव. तिच्याकडच्या जिल्ह्याच्या पाणी खात्यात इंजिनिअर. तिनं हापशाच्या लोखंडात ओतलेली अक्षरं बोटानं वाचली. मग मला विचारलं, "खालचे पाइप वर काढायला किती माणसं लागतात?"

"चार गडी," अप्पा म्हणाले. "गडी नसले तर सहा बाया."

मी सांगितलं तशी ती पहिल्यांदाच हसली. "आमच्याकडं कायम बायाच असतात. मी किल्ल्याला येत नाही. मी इथं थांबते."

साहेब चिडले. तुमची जबाबदारी माझ्यावर आहे, कार्यक्रमात हे नाही, वरिष्ठांना कळवावं लागेल, असं बरंच बोलले. ती हापशाच्या कट्ट्यावर बसून राहिली. शेवटी गाडी तिला सोडून गेली.

अप्पांनी धुरपदाबाईला हाक मारली. शेजारची सत्तरीची बाई, हापसा चालू होता तेव्हा त्याच्यावर रोज पहिली घागर तिची. तिनं गल्लीतल्या आणखी बाया जमवल्या. ओढण्या-पदर खोचून आम्ही पाइप वर काढले. प्रत्येक जोडाला अचोलचाच हात. अप्पा फक्त बोट दाखवायचे आणि "घट्ट" म्हणायचे. वायसर झिजून कागदासारखं झालं होतं. तिनं ते तळहातावर घेतलं.

"माझ्या जिल्ह्यात चाळीस हापसे बंद आहेत," ती म्हणाली. "मी नोकरीच्या पहिल्या वर्षी बँकेला पत्र लिहिलं. वायसर, रॉड आणि पाने पाठवा. त्यांनी तज्ज्ञ पाठवले. तज्ज्ञांनी आम्हाला विचारलं काय पाहिजे. आम्ही सांगितलं. ते त्यांनी लिहून नेलं आणि दुसऱ्या तज्ज्ञांना दिलं. ते आले आणि आमचंच आम्हाला वाचून दाखवलं. आता आम्हाला इथं आणलंय."

अप्पांनी ऐकून घेतलं. "सांग तिला, इथंबी चार दिस तेच झालं."

जेवायला धुरपदाबाईनं भाकरी आणि शेंगाचटणी आणली. दुपारी अचोलनं सगळा हापसा एकटीनं जोडला, अप्पांनी मुद्दाम परत खोलायला लावला, तिनं परत जोडला. तिसऱ्या प्रहरी पाणी आलं. गढूळ, मग स्वच्छ. साहेबांची गाडी तिला न्यायला आली तेव्हा अप्पांनी आपले स्वतःचे दोन पाने आणि पिशवीभर वायसरं तिच्या हातात दिली.

तिनं परतल्यावर बँकेकडं लेखी मागणी केली की महांतप्पांना आठ दिवस आमच्याकडं पाठवा. तसं पत्र कृष्णराज साहेबांकडून आम्हालाही आलं. अप्पांनी पासपोर्ट काढला. गावात कुणाला सांगितलं नाही, पण स्वेटर लागतो का म्हणून मला तीनदा विचारलं. तिथं लई ऊन असतं, असं मी तीनदा सांगितलं.

जूनमध्ये साहेबांचा फोन आला. बँकेच्या नियमात तज्ज्ञाला पदवी लागते. "मी खूप प्रयत्न केला," ते म्हणाले. "तुमच्या जागी आता मलाच जावं लागतंय."

अप्पा "बरं" म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. घामानं भिजलेले साहेब. मागं उघडा हापसा आणि पिवळे कॅन घेऊन उभ्या असलेल्या पन्नासेक बाया.

"महांतप्पा, सगळं बसवलं, पण पाणी येत नाही. काय करू?"

मी फोनवर हात ठेवला. "अप्पा, काही सांगू नका. पदवी आहे न्हवं त्यांच्याकडं?"

अप्पांनी माझा हात बाजूला केला. "साहेब, दांडा हलका लागायलाय का जड?"

"एकदम हलका."

"रॉड सुटलाय आत. जोडावरचं नट आवळलं नसंल. समदे पाइप परत वर काढा."

"परत? पण माणसं नाहीत इथं..."

"त्या समद्या कोन हायती मंग? अचोल मॅडम कुठं हाय?"

साहेबांनी फोन फिरवला. ती बाजूला वही धरून उभी होती. "त्यांच्याकडं या दौऱ्यात निरीक्षणाचं काम आहे," साहेब म्हणाले.

"पाना तिच्या हातात द्या," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "आन तुमी फोन धरा."

दीड तास आम्ही बघत होतो. अचोलनं सहा बाया निवडल्या, वही एकीच्या कॅनवर ठेवली. सातव्या जोडाला रॉड सुटलेला सापडला. तिनं तो आवळून कॅमेऱ्यासमोर धरला आणि मराठीत म्हणाली, "घट्ट." तेवढा एक शब्द तिला आमच्याकडून आला होता. पाणी आलं तेव्हा तिथल्या बायांचा गलका झाला आणि कॉल तुटला. परत लागला नाही.

पुढचं अचोलनं मला लिहून कळवलं. दौरा संपला तशी अवजारांची पेटी तज्ज्ञांबरोबर परत गेली, ती प्रकल्पाची मालमत्ता होती. आमची पिशवीभर वायसरं नऊ हापशांना पुरली. उरलेल्यांसाठी तिनं पुन्हा पत्र लिहिलं. सुट्या भागांची खरंच गरज आहे का, याचा अभ्यास करायला नवे सल्लागार नेमणार आहेत, असं उत्तर आलं. आमच्या गावात कार्यक्रम सोडून थांबल्याबद्दल तिची बदली राजधानीत, कागदपत्रांच्या विभागात झाली.

मी हे अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिच्या हातात बळ होतं. कागदावर बसवलं व्हय तिला?" आणि उठून बाहेर गेले.

यंदा जानेवारीत साहेबांचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका नव्या देशाची माणसं येणार होती. आमच्या गावाचा कार्यक्रम फार गाजला होता म्हणे. "महांतप्पांना अर्धा तास ठेवलाय."

"साहेब, अर्ध्या तासात काय येतंय? निस्ता दांडा हालवून दाखवता येईल."

"चालेल की. तेवढंच लागतं."

मला वाटलं, अप्पा फोन ठेवतील. ते म्हणाले, "या."

ते आले. अप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. पाना घरीच ठेवला होता. त्यांनी दांडा वरखाली केला, पाहुण्यांनी फोटो काढले. कुणी काही विचारलं नाही आणि अप्पांनीही काही सांगितलं नाही. मला इंग्रजीत करायला एक वाक्यसुद्धा मिळालं नाही. अठ्ठाविसाव्या मिनिटाला गाडी नळदुर्गला गेली.